एलटीओ लावून क्लँग बिल्ड करताना या चुका टाळा

लिंक-टाइम ऑप्टिमायझेशन, म्हणजेच एलटीओ (लिंक करताना संपूर्ण प्रोग्रॅमचा कोड एकत्रितपणे सुधारणे), सुरू केले की ऑब्जेक्ट फाइलींमध्ये मशीन कोडऐवजी एलएलव्हीएमचा (क्लँग या सी/सी++ कंपायलरचा पाया असलेल्या प्रकल्पाचा) बिटकोड, म्हणजे मशीन कोडच्या आधीचे मधले रूप, राहतो आणि कोड तयार करण्याचे खरे काम लिंकरच्या (ऑब्जेक्ट फाइली जोडून प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाच्या) वेळेवर ढकलले जाते. क्लँग बिल्ड करताना येणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ या बदलात असते.

सर्वांत महागात पडते ती मेमरीची चूक. शेवटच्या टप्प्यात क्लँग, ऑप्ट (एलएलव्हीएमचे ऑप्टिमायझर साधन), एलएलडी (एलएलव्हीएमचा लिंकर) असे मोठे प्रोग्रॅम एकाच वेळी लिंक होऊ लागतात, मशीनची रॅम संपते आणि तासाभराच्या मेहनतीनंतर पडद्यावर फक्त ‘किल्ड’ एवढाच शब्द उमटतो. अशा वेळी सोर्समध्ये दोष शोधत बसू नये. आधी कर्नलचा लॉग पाहावा; मेमरी संपल्याने त्याने लिंकर बंद केला का, ते त्यात दिसते. एकाच वेळी किती लिंक चालाव्यात हे ठरवणारा ‘एलएलव्हीएम_पॅरलल_लिंक_जॉब्स’ हा सीमेकचा (बिल्डची मांडणी करणाऱ्या साधनाचा) पर्याय 1 किंवा 2 ठेवल्यास प्रश्न बहुधा सुटतो, मात्र ही मर्यादा निंजा हे बिल्ड चालवणारे साधन पाळते, मेक पाळत नाही. ‘एलएलव्हीएम_एनेबल_एलटीओ’ला नुसते ‘ऑन’ दिले तर फुल एलटीओ लागू होते, ज्यात सगळा बिटकोड एकत्र करून तपासला जातो; म्हणून माझ्या मते सुरुवात 2016 पासून उपलब्ध असलेल्या ‘थिन’ या हलक्या एलटीओनेच करावी. तरीही थिनमधील प्रत्येक लिंक स्वतःचे अनेक थ्रेड चालवते, हे विसरू नये. डीबग माहिती गरजेची नसेल तर ‘रिलीज’ हाच बिल्ड प्रकार निवडावा.

दुसरी चूक सहज लक्षात येत नाही. कंपायलर क्लँग असतो, पण ऑब्जेक्ट फाइलींचे आर्काइव्ह (स्टॅटिक लायब्ररी) बनवणारे ‘एआर’ आणि त्याचा इंडेक्स बनवणारे ‘रॅनलिब’ सिस्टिमचेच राहतात. त्यांना प्लगइनशिवाय बिटकोड वाचता येत नाही, मग लायब्ररीला इंडेक्स मिळत नाही आणि लिंकर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ची रांग लावतो. ‘सीमेक_एआर’ व ‘सीमेक_रॅनलिब’ यांना एलएलव्हीएमच्या त्याच आवृत्तीतील साधने पूर्ण पाथसह द्यावीत, ‘एलएलव्हीएम_यूज_लिंकर’ला एलएलडी द्यावा आणि बिल्डची डिरेक्टरी नव्याने तयार करावी, कारण सीमेकच्या कॅशमध्ये जुने पाथ तसेच टिकून राहतात.

दोन टप्प्यांच्या बूटस्ट्रॅपमध्ये, म्हणजे आधी बनवलेल्या क्लँगनेच पुन्हा क्लँग बनवताना, ‘बूटस्ट्रॅप’ या उपसर्गाशिवाय दिलेला पर्याय पहिल्या टप्प्याला लागतो. दुसऱ्या टप्प्यातील कंपायलरसाठी तो ‘बूटस्ट्रॅप_एलएलव्हीएम_एनेबल_एलटीओ’ असाच लिहावा लागतो.

अशा बिल्डमधील स्टॅटिक लायब्ररी इतरांना देऊ नयेत. त्यांत बिटकोड असतो. जीसीसी या दुसऱ्या कंपायलरला तो वाचता येत नाही, आणि जुन्या एलएलव्हीएमला नव्या आवृत्तीचा बिटकोड वाचता येईलच असे नाही.