कंपाउंडचा पाया खणण्याआधी जमिनीची सरकारी मोजणी कशी करून घ्यावी

गावाकडे पाच-दहा गुंठ्यांत घर बांधायचं ठरलं की आधी आर्किटेक्ट गाठला जातो, मग गवंडी. कंपाउंडचे खड्डे खणायला सुरुवात झाली की शेजारी येऊन उभा राहतो आणि मोजणीची आठवण तेव्हा होते. खरं तर ती सगळ्यात आधी करायची. काम अवघड नाही, पण मोजणीच्या दिवशी शेतावर काय होणार हे बरंचसं त्याआधीच्या कागदांवर ठरतं.

आधी कागद वाचा

सातबारा क्षेत्र सांगतो, आकार सांगत नाही. त्यावर ०.०५.२० असं लिहिलेलं असेल तर ते ५ आर २० चौरस मीटर, म्हणजे ५२० चौरस मीटर, साधारण सव्वापाच गुंठ्यांना थोडं कमी. पण ही जागा लांबट आहे की चौकोनी, रस्त्याला किती फूट लागते, हे नकाशातच कळतं. म्हणून सातबारा आणि आठ-अ यांच्यासोबत तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातून गटाचा नकाशा काढून घ्या. पोटहिस्सा, म्हणजे गटाचा आतला वेगळा तुकडा, पडलेला असेल तर तो दाखवणारा फाळणी नकाशाही घ्या.

महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गट मोबाइलवर दिसतो, त्याने अंदाज येतो. त्यावरून मात्र खुंट्या मारू नका. १:१०,००० प्रमाणाच्या नकाशात एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर दहा मीटर. रेघेच्या जाडीतच तुमचा व्हरांडा निघून जाईल.

जुन्या मोजण्या साखळीने झालेल्या आहेत. ३३ फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. ३३ गुणिले ३३ म्हणजे १,०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा. जुन्या टिपणात, म्हणजे मोजमापांच्या नोंदीत, आकडे साखळी-आण्यात दिसले तर गोंधळू नका, ते वाचून दाखवणारं कुणीतरी कार्यालयात भेटतंच.

मोजणी कुणाची मागता येते ते पाहा

बरेच अर्ज इथेच अडतात. समजा, एका गटात सात खातेदार आहेत आणि तुम्ही त्यातले पाच गुंठे खरेदी केलेत. सातबाऱ्यावर नाव लागलं, खरेदीखतात चतुःसीमाही लिहिल्या. पण गटाचा नकाशा अजून एकच आहे, आत रेघ नाही. भूकरमापक, म्हणजे मोजणी करणारा सरकारी कर्मचारी, जमिनीवर नकाशातली रेघ उतरवतो, आणि जी रेघ नकाशात नाही ती तो कुठून आणणार? अशा वेळी सगळ्या सहधारकांच्या संमतीने पोटहिस्सा मोजणी करावी लागते. संमती मिळत नसेल तर आधी वाटप. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधलं कलम ८५ त्यासाठीच आहे. जमीन घेण्याआधी हे पाहिलं असतं तर, असं म्हणणारे लोक प्रत्येक तालुक्यात भेटतील.

स्वतंत्र गट किंवा स्वतंत्र हिस्सा असेल तर तुम्हाला हवी ती 'हद्द कायम' मोजणी, म्हणजे नकाशातली हद्द जमिनीवर दाखवून देणारी. बिनशेतीसाठीची मोजणी वेगळी. गावठाणातल्या किंवा शहरातल्या मिळकतीला सातबारा नसतो, तिथे मिळकत पत्रिका आणि नगर भूमापनाचा नकाशा लागतो. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाण मोजून झालं असेल तर पत्रिका मिळालेली असेलच. नसेल तर ग्रामपंचायतीत चौकशी करा.

अर्ज

अर्ज ई-मोजणी प्रणालीवर ऑनलाइन होतो. ताजा सातबारा, सहधारकांची आणि लगतच्या कब्जेदारांची नावं-पत्ते, चारही बाजूंची माहिती आणि फी. डिसेंबर २०२४ पासून मोजणीचे दोनच प्रकार उरले आहेत, नियमित आणि द्रुतगती. ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमित मोजणीला दोन हजार रुपये आणि द्रुतगतीला आठ हजार असा दर ठरला. पालिका हद्दीत दर जास्त आहेत. भरण्यापूर्वी चालू दर बघून घ्या.

लगतदारांचे पत्ते मनापासून भरा. भाऊबंद मुंबईला राहत असेल तर मुंबईचा पत्ता द्या. ज्याला नोटीस पोचली नाही, तो पुढे 'मला कळवलंच नाही' म्हणून मोजणीवर हरकत घेऊ शकतो. नोटीस सरकारी जाईलच, पण तुम्हीही स्वतः जाऊन सांगा. जमलं तर शेजाऱ्याला म्हणा, आपण दोघं मिळूनच मोजून घेऊ. वादाच्या बांधावर माझ्या मते यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

आणि तारखेचा विचार करा. उभ्या उसात मोजणी होत नाही, पावसात चिखल. पिकं निघाली की सगळेच अर्ज करतात, म्हणून दिवाळीच्या सुमारास अर्ज टाकलेला बरा.

मोजणीचा दिवस

चारही बाजूंची झाडी, काटेरी कुंपणाची गुंतवळ आदल्या दिवशी काढून ठेवा. आता मोजणी बहुतेक रोव्हर या यंत्राने होते. तो उपग्रहांवरून आणि राज्यात उभारलेल्या कॉर्स नावाच्या ७७ कायमच्या संदर्भ स्थानकांवरून जागा ठरवतो, त्यामुळे त्याला मोकळं आकाश लागतं. दाट आंब्याखाली तो अडखळतो. सोबत दोन माणसं, पहार, चुना आणि हद्दीला पुरायला दगड ठेवा.

भूकरमापक तुमच्याच नाही तर आजूबाजूच्या गटांचे बांध, विहीर, ओढा, रस्ता, जुने हद्दीचे दगड हेही मोजतो. ते पाहून काही जण वैतागतात, 'माझं सोडून याचं का मोजताय?' पण नकाशा जमिनीवर बसवायचा तर न हललेल्या खुणा लागतात, आणि त्या तुमच्या पाच गुंठ्यांच्या आत असतीलच असं नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला जुना दगड कुठे गाडलाय हे ठाऊक असतं, त्याला बोलावून आणा.

तिथे वाद घालू नका. भूकरमापक ताबा पाहतो, मालकी ठरवत नाही. हरकत असेल तर जबाबात लेखी नोंदवा. जबाब आणि पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका, शेजाऱ्यानेही करू नये. तणाव होणार असं वाटत असेल तर आधीच पोलीस बंदोबस्त मागता येतो.

मोजणी झाली त्याच दिवशी हद्द कळेल असं धरू नका. मोजलेले बिंदू नकाशावर बसवून खुणा दाखवायला बऱ्याचदा दुसरी फेरी होते. खुणा दाखवल्या की तिथल्या तिथे दगड पुरा आणि फोटो काढा, मागे घर, विहीर, वीजखांब असं काहीतरी ओळखीचं येऊ द्या.

'क' प्रत हातात आल्यावर

'क' प्रत म्हणजे मोजणीचा प्रमाणित नकाशा. त्यात अभिलेखाची हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाटीची हद्द वेगवेगळी दाखवलेली असते. दोन्ही जुळत असतील तर कंपाउंडला लागा. खाजगी सर्व्हेअरचा नकाशा आर्किटेक्टला उतार आणि पातळी कळायला उपयोगी आहे, पण हद्दीचा वाद आला की भूमी अभिलेखाने प्रमाणित केलेली प्रतच पुढे करावी लागते.

मोजणी मान्य नसेल तर उपअधीक्षकांकडे निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी, त्यावरही समाधान नसेल तर जिल्हा अधीक्षकांकडे सुपर निमताना. शेजाऱ्याने दोन गुंठे दाबलेत असं निघालं तरी भूमी अभिलेख ते काढून देत नाही, त्यासाठी दिवाणी न्यायालय. तिथे हीच 'क' प्रत पुरावा म्हणून जाते.

पोटहिस्सा पडला असेल किंवा क्षेत्रात फरक आला असेल तर नकाशावर थांबू नका. कमी-जास्त पत्रक, म्हणजे क्षेत्रातल्या बदलाचा तक्ता, तयार होऊन ते तलाठ्याकडे जायला हवं, फेरफार मंजूर व्हायला हवा आणि नवा सातबारा निघायला हवा. तलाठ्याकडे फेरफार क्रमांक मागा. तो मिळेपर्यंत बँकेच्या कर्जाच्या फाइलमध्ये जुनंच क्षेत्र राहतं.