नफा दिसतो, पण बँकेत पैसे नाहीत: उत्तर कसे शोधावे

वार्षिक हिशेब हातात आले की व्यावसायिक बहुधा एकच प्रश्न विचारतात: पत्रकात एवढा नफा दिसतो, मग बँकेतली शिल्लक कमी कशी झाली? हिशेबनिसाने कुठेतरी चूक केली असावी, ही शंका आधी येते. पण बहुतेक वेळा हिशेब बरोबरच असतो. विक्रीची नोंद बिल केले त्या काळात होते, पैसे हाती आले तेव्हा नव्हे, आणि खर्चही ज्या काळाचा असेल त्या काळात धरला जातो, मग तो चुकता केलेला असो वा नसो. या उपार्जन पद्धतीमुळे नफा आणि रोकड यांची वाट वेगळी होते, आणि त्या दोघांमधले अंतर कागदावर मोजता येते.

त्यासाठी गेल्या वर्षाचा आणि या वर्षाचा ताळेबंद शेजारी शेजारी ठेवावा आणि कोऱ्या कागदावर सर्वांत वर निव्वळ नफा लिहावा. एक उदाहरण घेऊ. सर्व आकडे हजारांत आहेत. नफा ६००. त्यात प्रथम घसारा १५० मिळवावा, कारण घसाऱ्याने नफा कमी होतो, पण त्यापोटी या वर्षी कोणालाही पैसे दिलेले नसतात. घसारा म्हणजे नवे यंत्र घेण्यासाठी बाजूला साठवलेली रक्कम, असा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. पूर्वीच केलेला खर्च यंत्राच्या आयुष्यातील वर्षांवर वाटून टाकणे, एवढेच त्याचे काम. आता बेरीज ७५० झाली. ग्राहकांकडील येणी ४०० वरून ९०० झाली, म्हणजे ५०० ची विक्री नफ्यात धरली गेली पण वसूल झाली नाही. ते ५०० वजा करावेत. मालसाठा ३०० वरून ५०० झाला, म्हणजे २०० गोदामात अडकले. तेही वजा करावेत. पुरवठादारांची देणी २५० वरून ३५० झाली, म्हणजे १०० अजून आपल्याचकडे आहेत, ते मिळवावेत. उरले १५०. सहाशेच्या नफ्यातून धंद्याच्या चलनवलनात प्रत्यक्ष हाती आलेली रोकड एवढीच.

पुढे यंत्रखरेदीचे ४००, कर्जाच्या मुद्दलाची परतफेड १२० आणि मालकाची उचल ८० वजा केली की वर्षाची तूट ४५० येते. वर्षाच्या सुरुवातीला बँकेत ५२० होते, अखेरीस ७० उरले; कागद जुळला. शेवटच्या या तीन रकमांपैकी एकही नफा-तोटा पत्रकात खर्च म्हणून दिसत नाही, हे नीट लक्षात घ्यावे. यंत्र हा भांडवली खर्च, म्हणजे अनेक वर्षे उपयोगी पडणाऱ्या वस्तूवरचा खर्च असल्याने त्याचा फक्त घसारा तिथे येतो, कर्जाच्या हप्त्यातला फक्त व्याजाचा भाग तिथे येतो, आणि उचल तर भांडवलातूनच वजा होते.

या सगळ्यांत मला सर्वांत गंभीर वाटतो तो येण्यांचा आकडा, आणि तो नुसता पाहून चालत नाही, दिवसांत बदलून पाहावा लागतो. सगळी विक्री उधारीवर आहे असे धरू. गेल्या वर्षीची विक्री २,९२० आणि येणी ४००, म्हणजे ४०० भागिले २,९२० गुणिले ३६५, बरोबर ५० दिवस. या वर्षी विक्री ३,६५० आणि येणी ९००, म्हणजे ९० दिवस. विक्री एकचतुर्थांशाने वाढली हे खरे, पण ती वाढ ग्राहकांना चाळीस दिवसांची जादा उधारी देऊन झाली, आणि त्या उधारीला लागणारे पैसे आपणच पुरवत आहोत. विकलेल्या मालाची किंमत २,५०० असल्यास मालसाठा ७३ दिवसांचा होतो. खरेदी २,७०० असल्यास देणी सुमारे ४७ दिवसांची. नव्वद अधिक त्र्याहत्तर वजा सत्तेचाळीस, म्हणजे मालात घातलेला पैसा परत यायला ११६ दिवस लागतात. खेळते भांडवल किती लागेल याचा अंदाज या आकड्यावरून बांधावा.

शिल्लक बँकेच्या पासबुकाशी पडताळताना आणखी एक अडचण हमखास येते. आपल्या खतावणीत बँक खात्याची शिल्लक ‘नावे’ बाजूला असते आणि पासबुकात तीच ‘जमा’ म्हणून छापलेली असते. यात विसंगती काहीच नाही. ती रक्कम आपल्यासाठी मालमत्ता आहे, तर बँकेसाठी आपल्याला द्यावयाचे देणे. मालमत्ता वाढली की नावे आणि देणे वाढले की जमा, हा एकच नियम दोन्हीकडे लागू होतो आणि दोघे आपापल्या बाजूने बरोबर असतात. दिलेला धनादेश अजून वटला नसेल, तर दोन्ही रकमांत फरक राहतो, आणि तो बँक जुळवणी पत्रकात दाखवायचा असतो.

राहिला प्रश्न ४०० च्या यंत्राचा: ते घ्यायला हवे होते का? समजा, त्यामुळे पुढची तीन वर्षे वर्षाअखेर १५० जादा रोकड येणार आहे. बेरीज ४५०, म्हणून पन्नासाचा फायदा, असा हिशेब बरेच जण मांडतात. पण तीन वर्षांनी मिळणारे १५० हे आजचे १५० नव्हेत. भांडवलाचा खर्च, म्हणजे धंद्यात गुंतवलेल्या पैशावर दरवर्षी अपेक्षित असलेला परतावा, १० टक्के धरला, तर पहिल्या वर्षाच्या रकमेला १.१० ने, दुसऱ्या वर्षाच्या रकमेला १.२१ ने आणि तिसऱ्या वर्षाच्या रकमेला १.३३१ ने भागावे लागते. उत्तरे अनुक्रमे सुमारे १३६, १२४ आणि ११३ येतात आणि बेरीज ३७३ होते. त्यातून यंत्राचे ४०० वजा केले की उरते ते निव्वळ वर्तमान मूल्य: उणे २७, म्हणजे तीन वर्षांनंतर यंत्र भंगारातच जाणार असेल, तर ही खरेदी तोट्याची. चौथ्या वर्षीही त्याने तेवढीच रोकड दिली, तर त्या रकमेचे आजचे मूल्य सुमारे १०२ भरते आणि उत्तर अधिक ७५ होते. म्हणून यंत्र खरोखर किती वर्षे चालेल, हे विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर न सोडता ते रोज चालवणाऱ्या कारागिराला विचारून मगच गणित मांडावे.