फ्युजनची बातमी आली की आधी ३.६ ने भागा

आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत गच्चीवर सोलर लावायचा विषय निघाला तेव्हा एक काका म्हणाले, अरे थांबा जरा, फ्युजन येतंय, चार-पाच वर्षांत वीज जवळजवळ फुकट होणार, ग्रुपवर बातमी आलीये. बातमी खोटी नव्हती. फक्त ती वाचायची कशी हे कोणी सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी बघा बातमी नक्की फ्युजनचीच आहे ना. वाशीच्या खाडीपलीकडे ट्रॉम्बेला बीएआरसीत ज्या अणुभट्ट्या आहेत त्या युरेनियमचं केंद्रक फोडणाऱ्या, फ्युजनमध्ये हायड्रोजनची हलकी केंद्रकं एकमेकांत जोडतात. आपल्याकडे ते काम मुख्यतः गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत चालतं.

आता खरी ट्रिक. मेगाज्यूल, म्हणजे ऊर्जेचं माप, दिसलं की ३.६ ने भागायचं, म्हणजे महावितरणच्या बिलावरचं युनिट मिळतं. ५ डिसेंबर २०२२ ला कॅलिफोर्नियातल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत लेझरने टार्गेटवर, म्हणजे इंधनाची बारीक गोळी असलेल्या डबीवर, २.०५ मेगाज्यूल टाकले आणि ३.१५ बाहेर आले, जगभर हेडलाइन झाली, आणि ती व्हायलाच हवी होती कारण नियंत्रित प्रयोगात हे पहिल्यांदाच घडलं. पण भागून बघा, ३.१५ म्हणजे एक युनिट पण नाही, दोन किलोवॉटचा गीझर अर्धा तास चालणार नाही. आणि तो लेझर चालवायला ग्रिडमधून सुमारे ३०० मेगाज्यूल घेतले, म्हणजे ८३ युनिट! म्हणून पहिला प्रश्न कायम हाच, की ऊर्जा कुठून मोजली, टार्गेटपासून की प्लगपासून? शिवाय बाहेर येते ती उष्णता, तिची वीज करताना साधारण एक तृतीयांशच हाती लागते.

इंग्लंडच्या जेट या फ्युजन मशीनने २०२३ मध्ये पाच सेकंदांत ६९ मेगाज्यूल काढले, म्हणजे १९ युनिट उष्णता. प्लाझ्मा, म्हणजे इंधनाचा अतितप्त वायू, तापवायला त्याहून जास्त गेली, पण इंधन किती जळलं माहितीये? फक्त ०.२ मिलीग्रॅम. मला फ्युजनचं वेड लागलं ते या आकड्यामुळे.

मिनिटांचे रेकॉर्ड वाचताना इंधन बघा. फ्रान्सच्या वेस्ट मशीनने फेब्रुवारी २०२५ मध्ये प्लाझ्मा १३३७ सेकंद टिकवला, जबरदस्त काम आहे, पण त्यात ट्रिटियम, म्हणजे इंधनात लागणारा हायड्रोजनचा जड प्रकार, नव्हतं, त्यामुळे ऊर्जा काढायचा प्रश्नच नव्हता.

आणि ट्रिटियम हीच खरी मेख आहे. इंधनातला हायड्रोजनचा दुसरा जड प्रकार, ड्युटेरियम, समुद्राच्या पाण्यात भरपूर आहे, म्हणून 'अमर्याद इंधन' म्हणतात, पण जोडीदार ट्रिटियम निसर्गात जवळपास नाहीच आणि साठवलं तरी १२.३ वर्षांत निम्मं होतं. ते मशीनच्या भिंतीतच लिथियमपासून बनवायचं, फ्युजनमधून निघालेला न्यूट्रॉन लिथियमवर आदळला की ट्रिटियम तयार होतं. एका फ्युजनमागे न्यूट्रॉन एकच, त्यातले काही इकडेतिकडे वाया जाणार, म्हणून बेरिलियम किंवा शिसं वापरून ते वाढवावे लागतात. वर तेच न्यूट्रॉन भिंतीचं स्टील वर्षानुवर्षं खिळखिळं करत राहणार. हे सगळं पूर्ण पॉवर प्लांटच्या स्केलवर अजून कोणी करून दाखवलेलं नाही.

तारखांचं बघायचं तर होमी भाभांनीच १९५५ ला जिनिव्हाच्या परिषदेत दोन दशकांत फ्युजन काबूत येईल असं म्हटलं होतं. आज आयटर या फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय फ्युजन मशीनची, ज्यात भारत भागीदार आहे आणि ज्याचा तीस मीटरच्या आसपासचा क्रायोस्टॅट, म्हणजे मशीनभोवतीचं थंड निर्वात भांडं, हजिऱ्याला एल अँड टीने बनवला, ड्युटेरियम-ट्रिटियमची सुरुवात २०३९ वर गेलीये. प्लाझ्मात ५० मेगावॉट टाकून ५०० काढायचं उद्दिष्ट आहे, पण तीही उष्णताच, आयटरला टर्बाइन लावलेलंच नाही. खासगी कंपन्या आधीच्या तारखा देतात, त्यांना विचारायचं, ट्रिटियम कुठून आणणार आणि प्लगपासूनचा हिशोब काय?

तेव्हा काका, सोलरला हो म्हणा, पॅनलचं आयुष्य पंचवीसेक वर्षं असतं, तोवर फ्युजनची वीज आली तर मी सगळ्यात आधी नाचेन. आणि जळलं त्यापेक्षा जास्त ट्रिटियम एखाद्या मशीनने स्वतः बनवलं अशी बातमी दिसली ना, तर रात्री दोन वाजता पण फोन करा.