दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच: जुन्या लॅपटॉपचा माझा अनुभव

बटण दाबले की दिवा लागे, पंखा क्षणभर फिरे आणि लॅपटॉप आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई. स्क्रीन मात्र काळीच राही. चार्जर बदलला, हार्ड डिस्क काढून पाहिली. बाहेरचा मॉनिटरही कोराच राहिल्याने दोष नुसत्या स्क्रीनचा नाही, एवढे कळले. वैताग आला होता.

उपयोगी पडलेला क्रम असा: चार्जर व बॅटरी काढून पॉवरचे बटण 30 सेकंद दाबून धरले, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. मग खिट्ट्या बाजूला सारून रॅमच्या, म्हणजे लॅपटॉपच्या तात्पुरत्या मेमरीच्या, दोन्ही पट्ट्या काढल्या. त्यांच्या सोनेरी कडेवर काळपट थर होता. तो आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने हलकेच पुसला आणि कड पूर्ण वाळू दिली. नंतर एकच पट्टी पहिल्या स्लॉटमध्ये तिरपी घालून, खिट्ट्या ‘टक’ वाजेपर्यंत दाबली आणि केवळ चार्जरवर लॅपटॉप सुरू केला, स्क्रीन उजळली. वीज तोडून दुसरी पट्टी त्याच स्लॉटमध्ये लावताच स्क्रीन पुन्हा काळी झाली. ही अदलाबदल टाळू नये, कारण पट्टी खराब की स्लॉट, हे तिच्यावाचून ठरत नाही. चांगली पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्येही चालली, तेव्हा खराब पट्टी तेवढी बदलली आणि मेमटेस्ट86 ही रॅमची चाचणी एकही त्रुटी न येता पूर्ण झाली.