तळ्याच्या गाळाचा गाभा कसा वाचावा

कोणते तळे निवडले यावरच पुढचे बरेचसे काम ठरते. जुन्या हवामानाचा शोध घ्यायचा असेल, तर ज्यातून पाणी बाहेर वाहून जात नाही असे तळे घ्यावे, कारण तिथली पातळी पाऊस, झरे आणि बाष्पीभवन यांच्या जमाखर्चावरच चढते-उतरते. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार असेच आहे: उल्कापाताने बेसॉल्ट खडकात पडलेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आणि त्यात साठलेले खारे, अल्कधर्मी पाणी. भूकंपांचा माग काढण्यासाठी मात्र खोल आणि तीव्र उताराचे तळे लागते, ज्याच्या पाण्याखालच्या कडांवर सैल चिखल साचून राहिलेला असतो. स्वित्झर्लंडमधले लुझर्न सरोवर या कामी नावाजलेले आहे.

गाभा, म्हणजे तळातून उभा काढलेला गाळाचा दंड, तराफ्यावरून नळी खाली दाबून काढतात. लांब नळीच्या धक्क्याने सर्वांत वरचा पाणचट गाळ उधळतो, म्हणून त्याच्यासाठी आखूड नळीने वेगळा गाभा घ्यावा. लांब गाभा तुकड्यातुकड्यांनी निघतो, म्हणून शेजारी दुसरे छिद्र घेऊन तिथले तुकडे निम्म्या लांबीने पुढे-मागे ठेवावेत. म्हणजे एका गाभ्यातला सांध्याजवळचा बिघडलेला भाग दुसऱ्यात अखंड मिळतो. प्रत्येक नळीवर वरचे टोक कोणते याची खूण तिथल्या तिथे करावी. हे सांगण्याची गरज नसावी, पण उलटा ठेवलेला गाभा म्हणजे उलटा इतिहास.

प्रयोगशाळेत नळी उभी चिरून एक अर्धा भाग न हाताळता साधारण ४ अंश सेल्सिअसला जपून ठेवावा. दुसऱ्या अर्ध्याचा पृष्ठभाग पात्याने आडवा खरवडावा. उभे खरवडल्यास वरचा चिखल खालच्या थरांवर पसरतो. छायाचित्र लगेच घ्यावे, कारण लोहाच्या संयुगांमुळे काळे दिसणारे पट्टे हवा लागताच तपकिरी पडू लागतात. मग रंग, कणांचा आकार, थरांच्या सीमा ठसठशीत आहेत की पुसट, शंख-शिंपल्यांचे तुकडे, पाने आणि स्फटिक यांची सेंटिमीटरनिशी नोंद करावी.

लोणारच्या सुमारे १० मीटर लांबीच्या गाभ्यात, ज्यात जवळजवळ ११,००० वर्षांचा गाळ आहे, अशाच एका स्फटिकाने मोठी गोष्ट उघड केली. गेल्युसाइट हे सोडियम आणि कॅल्शियमचे पाणीधारी कार्बोनेट पाणी आटून अतिशय खारट झाल्यावर तयार होते. हे स्फटिक मुख्यतः दोन टप्प्यांत सापडतात: सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीच्या आणि सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीच्या गाळात. हे दीर्घकाळ दुबळ्या राहिलेल्या मोसमी पावसाचे टप्पे मानले जातात. तरीही स्फटिक दिसला की दुष्काळ लिहून मोकळे होऊ नये, कारण तो चिखलातल्या खाऱ्या पाण्यातून नंतरही वाढू शकतो. त्याच थरातले परागकण आणि कार्बनची समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू) तेच सांगत असतील, तरच निष्कर्ष पक्का धरावा.

कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनने कालनिर्णय करण्यासाठी जमिनीवरच्या झाडांची पाने किंवा काटक्या शोधाव्यात. पाण्यात विरघळलेला जुना कार्बन पाणवनस्पतींत शिरतो आणि त्यांचे वय खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. गेल्या शंभरेक वर्षांसाठी शिसे-२१० हे किरणोत्सारी शिसे वापरतात, तर अणुचाचण्यांतून पसरलेल्या सीझियम-१३७ चा १९६३ च्या सुमाराचा उच्चांक वरच्या थरांना एक पक्की तारीख देतो.

भूकंपाचा थर ओळखणे याहून अवघड आहे. कडेचा चिखल घसरून खोल भागात गेला, की आधी भरड कण आणि मग बारीक कण बसतात. तळाशी ठसठशीत सीमा आणि माथ्यावर चिकणमातीचा पातळ थर असलेला एक जाड पट्टा तयार होतो. पण महापुरानेही जवळपास असाच पट्टा बनतो. पुराचा थर नदीच्या मुखापासून दूर जाताना सहसा पातळ होत जातो आणि त्यात जमिनीवरचा पालापाचोळा जास्त असतो. घसरलेल्या उताराच्या थरात मुख्यतः तळ्याचाच जुना गाळ असतो. शिवाय उतार भूकंपाविनाही कोसळतो. लुझर्नमध्ये १८ सप्टेंबर १६०१ च्या भूकंपाने अनेक ठिकाणचे उतार एकदम घसरले आणि सरोवरात मोठ्या लाटा उठल्या. १६८७ मध्येही तिथे मोठी लाट आली, पण ती मुओटा नदीच्या त्रिभुज प्रदेशाचा भाग भूकंपाविना ढासळल्यामुळे. म्हणून एका गाभ्यावर भिस्त ठेवू नये. ध्वनिलहरींनी तळाचे छेद घ्यावेत आणि एकमेकांपासून दूर असलेल्या अनेक उतारांवरच्या घसरणी एकाच पातळीवर, म्हणजे एकाच वेळच्या थरावर, येतात का ते पाहावे. माझ्या मते याहून भक्कम पुरावा गाळात मिळत नाही. नोंद असलेल्या भूकंपाचा थर आधी सापडला, तर त्याच कसोटीवर खालचे जुने थर तपासता येतात.

असे थर काही तासांत किंवा दिवसांत बसलेले असतात. म्हणून खोली आणि वय यांचा आलेख काढण्यापूर्वी त्यांची जाडी एकूण खोलीतून वजा करावी, नाहीतर गाळ साचण्याचा वेग फसवा येतो आणि हवामानाच्या तारखाही घसरतात. एखाद्या शतकात असा थर नसला, तरी ते शतक भूकंपाविना गेले असे लिहू नये: धक्का सौम्य असेल किंवा आधीच्या घसरणीनंतर उतारावर पुरेसा चिखल पुन्हा साचला नसेल, तर भूकंप होऊनही तळाशी काही उतरत नाही.