खेळणं घेताना डबा आधी उलटा करा

गोव्यात फोंड्याच्या बाजारात माझं खेळण्यांचं आणि बाळाच्या सामानाचं दुकान आहे. गिऱ्हाईक येतं, बटण दाबून गाडी वाजवून बघतं, दर पाडून मागतं. डबा उलटा करून वाचणारं गिऱ्हाईक मात्र विरळाच. म्हणून काय बघायचं ते इथे सांगते. माझ्याकडून घ्या नाहीतर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून, तपासायची रीत एकच.

१ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे. माल देशी असो की चीनहून आलेला, सुटका नाही. पण नुसत्या खुणेवर भुलू नका, ती कुणीही छापतो. खुणेच्या वर मानकाचा क्रमांक हवा: साध्या खेळण्याला आयएस ९८७३, बॅटरीवर किंवा विजेवर चालणाऱ्याला आयएस १५६४४. खाली ‘सीएम/एल’ आणि पुढे परवान्याचे आकडे. हे आकडे फोनवरच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये (बीआयएस म्हणजे ही खूण देणारा भारतीय मानक ब्यूरो) परवाना तपासायच्या ठिकाणी घाला. कंपनीचं नाव, माल कुठला, परवाना चालू आहे की संपला, सगळं समोर येतं. एकदा एक फिरता विक्रेता बाहुल्या घेऊन आला, डबे अगदी चकाचक. क्रमांक घातला तर परवाना निघाला सिमेंटचा! माल तसाच परत पाठवला. डब्यावर सीई असं लिहिलेलं असतं, ती युरोपची खूण. आपल्याकडे ती आयएसआयच्या जागी चालत नाही.

भाऊ तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला असला किंवा आत्या आखातात असली, की बॅग भरून खेळणी येतात. त्यांवर आयएसआय नसणारच. तिथे आपले डोळे आणि हात कामाला लावा.

आता वयाचं. ‘तीन वर्षांखाली नको’ असं छापलेलं दाखवलं की आजी हमखास म्हणते, ‘आमचा नातू हुशार आहे गो, त्याला सगळं कळतं.’ बाय माझे, ते हुशारीबद्दल नाही, घशाबद्दल आहे. तीन वर्षांखालचं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं. प्रयोगशाळेत छोटे भाग तपासायला ३१.७ मिलिमीटर रुंदीचं एक नळकांडं असतं. त्यात जो तुकडा पूर्ण मावतो, तो या वयाला चालत नाही. घरी टॉयलेट रोलच्या आतली पुठ्ठ्याची नळी घ्या. ती थोडी मोठी असते, म्हणजे चूक झालीच तर सावधपणाच्या बाजूने होईल. गाडीची चाकं, अस्वलाचे डोळे, बाहुलीचे बूट जोर लावून ओढून बघा. सुटलं आणि नळीत गेलं, तर ते खेळणं वरच्या फळीवर. थोरल्याची खेळणी धाकट्याच्या हाती लागतात, हेही लक्षात असू द्या.

बोडगेश्वराच्या जत्रेत किंवा जुन्या गोव्याच्या फेस्ताला ना डबा असतो ना क्रमांक. तिथे मी सगळ्यात आधी पिपाणी बघते. तोंडात धरायचं टोक नखाने उचकटून बघा. सैल असेल तर मूल श्वास आत ओढताना ते थेट घशात जाईल. फुग्याचंही तसंच. न फुगवलेला किंवा फुटलेला फुगा आठ वर्षांखालच्या मुलाच्या हाती ठेवू नका. त्याचं रबर घशात चिकटून बसतं.

पण माझी झोप उडवते ती बटण सेल. चकाकती, गोल, नाण्याएवढी. खेळण्यात ती ज्या कप्प्यात असते त्याला स्क्रू हवा, नखाने उघडणारं झाकण नको. आपल्या पावसाळ्यात हे स्क्रू गंजतात, घरचे झाकणाला सेलोटेप लावून मोकळे होतात. तसं खेळणं फेकून द्या. शिवाय रिमोट, वजनाचा काटा आणि वाजणारं शुभेच्छापत्र ही खेळणी नव्हेत, त्यांना खेळण्यांचे नियम लागू नाहीत, पण सेल तीच. सेल अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, १०८ ला फोन करा, नाहीतर सरळ बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात न्या. छोट्या जोरकस चुंबकांचंही तेच: दोन गिळली तर आतड्याच्या भिंती मधे चिमटून एकमेकांना चिकटतात.

सावंतवाडीची लाकडी फळं आणि भातुकली मला फार आवडतात. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना आयएसआयची सक्ती नाही, त्यामुळे खूण नाही म्हणून नाक मुरडू नका. ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून रंग उतरतो का बघा, आणि लहान फळं बाळापासून लांब ठेवा. खरी धास्ती जुन्या घरातल्या पाळण्याची. घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीचा रंग कसला ते कोण सांगणार? दात येणारं बाळ पाळण्याचा कठडा चावत बसतं. पोपडे सुटलेला पाळणा बारशाला नुसता सजवा, बाळाला दुसरीकडे झोपवा. आणि जुना रंग घरात कोरडा घासू नका, धूळ उडते.

बाळाला चालायला लावणारा चाकांचा वॉकर मी विकत नाही. कॅनडाने २००४ मध्ये त्यावर बंदीच घातली. आपल्या घरांच्या बाल्कांवच्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीच्या पायऱ्या बघितल्या की कारण सांगावं लागत नाही.

स्कूटरवर मूल पुढे उभं करून नेणाऱ्यांनाही सांगते. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा आणि डोक्याला बसणारं हेल्मेट हवं, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून आहे. पट्टा ३० किलो वजन पेलणारा घ्या. थोरल्याचं ढगळ हेल्मेट चालणार नाही.

खोटा माल सापडला तर त्याच बीआयएस केअर ॲपवर तक्रार करता येते, किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर. बिल मागून घ्या, आणि डब्याची क्रमांक असलेली बाजू कापून त्यालाच टाचून ठेवा. बिल द्यायला कां-कूं करणाऱ्या दुकानातून मुलांची वस्तू घेऊच नका.