ऑटोमॅटिक गाडी उठत नव्हती. दोष टॉर्क कन्व्हर्टरचा नव्हता

डिझेल ऑटोमॅटिक. सिग्नलवरून जड उठायची, खंबाटकी घाटात दम तोडायची, हायवेवरही ओढ कमी. गिअरबॉक्सचं ऑइल बदललं, फरक नाही. मग गॅरेजने टॉर्क कन्व्हर्टरच, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग, बदलायला सांगितला. तीन महिने याच काळजीत गेले.

शेवटी स्टॉल टेस्ट केली, म्हणजे गाडी ब्रेकने जागीच धरून इंजिन किती आरपीएमपर्यंत चढतं ते बघायचं. इंजिन आणि ऑइल पूर्ण गरम, चारही चाकांना ओट (दगड किंवा ठोकळे), हँडब्रेक, समोर कोणी नाही. डाव्या पायाने ब्रेक पूर्ण दाबून गिअर डीमध्ये, उजव्याने ॲक्सिलरेटर पूर्ण. पाच सेकंदांच्या आत आरपीएम बघून पाय काढायचा, मग न्यूट्रलमध्ये दोन मिनिटं आयडल. ऑइल फार झपाट्याने तापतं, म्हणून वेळ पाळाच.

मॅन्युअलमध्ये 2400, माझे 1950. कन्व्हर्टर जो टॉर्क घेतो तो आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणजे इंजिन जेमतेम दोन तृतीयांश टॉर्क देत होतं. आकडा जास्त आला असता तर गिअरबॉक्सच्या आतला क्लच घसरतोय असं समजायचं. कमी आकड्याला स्टेटरचा (कन्व्हर्टरमधला ऑइल वळवणारा भाग) घसरणारा वन-वे क्लचही कारण असतो, पण त्यात वेग घेतल्यावर गाडी नीट पळते. माझी तिथेही मरगळलेली, म्हणून इंजिनकडे वळलो.

इंटरकूलरचा (टर्बोने दाबून पाठवलेली हवा थंड करणारा भाग) होज खालून तेलकट काळा दिसला. दाबल्यावर नखाएवढी चीर उघडली. टर्बोची हवा इंजिनात न जाता तिथूनच बाहेर जात होती. होज आणि दोन्ही क्लॅम्प नवे टाकले, पुन्हा टेस्ट: 2350. कन्व्हर्टर तोच आहे.